क्लेचा स्टिकर

पुलाच्या कामावर माणसांची डोकी सांभाळायचा पगार मला मिळतो, आणि त्या व्हर्लिननं माझंच डोकं पार उठवलंय.

अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या या पुलावर सगळ्यांत जुना लोखंडकामगार तो. हेल्मेट पाच वर्षांनी बदलायचं असतं, याचं चौदा वर्षांचं. त्यावर बोटभर जागा मोकळी नाही, बांधलेल्या प्रत्येक पुलाचा स्टिकर. आमच्यात रीतच आहे ती, अख्खा जन्म डोक्यावर मिरवायचा. मी त्याला तीन नवी हेल्मेटं दिली. एकात त्याचा कुत्रा पाणी पितो, एकात बायकोनं टोमॅटोचं रोप लावलंय, तिसरं कुठं गेलं देव जाणे.

सोमवारी वरच्या तुळईवरून बोल्ट सुटला तो नेमका याच्या डोक्यात. हा आपला हसत उभा. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता नवं घाल, नाहीतर चालता हो. तर बाबा खरंच फाटकाकडे चालायला लागला! त्याचा शेवटचा पूल, दोन महिन्यांत पुरा होणार, आणि हा हट्टी म्हातारा प्लास्टिकच्या एका टोपीपायी तो सोडून निघाला.

मी मागे धावले. हेल्मेट ओढून काढलं आणि तडा बघायला कपाळावरचा रंग उडालेला स्टिकर नखानं उचलायला लागले.

"तो नको, डोरीन," तो म्हणाला. "तो क्लेचा आहे."

क्ले माझा नवरा. नऊ वर्षांपूर्वी अशाच एका पुलावर तुळईवरून पडून गेला. त्याला पुरलं त्या दिवशी मीच त्याच्या नावाचे ते स्टिकर छापून सगळ्यांना वाटले होते. मला व्हर्लिनचा रागही आला आणि रडूही आलं. तरी ओढलाच. खाली तडा होता, कपाळापासून थेट टाळूपर्यंत. स्टिकर माझ्या हातात फाटून आला.

उरलेले स्टिकर घरी स्वयंपाकघरातल्या खणात होते. नऊ वर्षं तो खण मी उघडला नव्हता. मंगळवारी त्यातला एक आणला आणि चौथ्या हेल्मेटासकट त्याच्या हातात ठेवला. हा सवयीनं कपाळावरच चिकटवायला निघाला.

"आतल्या बाजूला लाव," मी म्हटलं. "बाहेर लावलास की तडा झाकतो. क्लेला तुझी सोबत एवढ्यात नकोय."

त्यानं आत लावला, अंगठ्यानं नीट दाबला, आणि वर चढला.