एकोणचाळीस काचा आणि मी

मित्रांनो, मी आजवर कोणालाही कापलेलं नाही, तरी माझं सगळं आयुष्य कापाकापीत गेलं. काच कापणाऱ्या कारागिराच्या डाव्या हाताखाली एक लांब लाकडी पट्टी असते. कारागीर तिच्या कडेने रेघ ओढतो आणि शाबासकी मात्र त्याच्या उजव्या हाताला मिळते. ती पट्टी म्हणजे मी. हल्ली मी कारखान्याच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली असते. समोर नवं यंत्र बसवलंय. त्याला त्याची स्वतःची पट्टी आहे, आणि ती माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. थोडं वाटतं. मी सरळ आहे, खोटं बोलणं मला जमत नाही.

मला एका सुताराने जुन्या दाराच्या चौकटीतून काढलं. चौकट इतकी वर्षं उन्हापावसात मुरलेली होती की तिच्यात वाकण्याची हौसच उरली नव्हती. सुताराने माझ्या एका कडेला पितळेची पट्टी ठोकली, अंगावर माप कोरलं आणि मला कारखान्याच्या मालकांकडे, म्हणजे अप्पांकडे नेलं. अप्पांनी एक डोळा मिटून मला या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळलं आणि "चालेल" म्हणाले. अप्पांच्या तोंडून याहून मोठं कौतुक कोणी ऐकलेलं नाही.

अप्पांनी मला मामांच्या हाती दिलं. हे कोणाचे मामा, ते मला अजून कळलेलं नाही. कारखान्यात सगळेच त्यांना मामा म्हणायचे, अप्पासुद्धा. चौतीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली होते. डाव्या हाताने ते मला काचेवर दाबून धरत. उजव्या हातात हिरकणी असे, म्हणजे टोकाला हिऱ्याची कणी बसवलेली लेखणी. माझ्या कडेने ती एकदाच सर्रकन ओढायची, काच टेबलाच्या कडेला आणायची आणि खालून एक हलका ठोका द्यायचा. काच रेघेवर सुटायची. माझं पहिलं टोक झिजून गेलं तेव्हा मामांनी मला फेकलं नाही. ते शून्याऐवजी दहापासून मोजू लागले. दुसरं कोणी मोजायला आलं की हमखास चुकायचं, आणि मामा गालातल्या गालात हसायचे.

कारखान्याचा एक नियम होता. अप्पांनीच घातलेला. एक खिडकी पुरी झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या एका खिळ्याला अडकवलेल्या असत. वरची काढायची, तिच्या काचा कापायच्या, कागदात गुंडाळून ठेवायच्या, मगच पुढची. यामुळे कधी घोटाळा झाला नाही. उरलेले तुकडे मात्र कोपऱ्यातल्या पिंपात जात. ते पिंप भरायचं, रिकामं व्हायचं, पुन्हा भरायचं. त्याच्याकडे बघून कोणाच्या डोक्यात काही आलं नाही. माझ्याही नाही. रेघ सरळ आहे ना, एवढंच मी बघत असे.

अप्पा गेले आणि कारखाना त्यांच्या लेकीकडे आला. तिला सगळे ताई म्हणत. ताई हुशार होती, पण वेळ वाईट होती. लोक आता तयार खिडक्या आणून बसवू लागले होते. खिळ्यावरच्या चिठ्ठ्या विरळ झाल्या. एके दिवशी ताईने मामांना समोर बसवलं आणि सांगितलं की शहराच्या जुन्या वाचनालयाचं काम आलंय, सव्वीस खिडक्यांची एकशे चौऱ्याहत्तर तावदानं. ते पार पडलं तर कारखाना चालेल. नाहीतर महिनाअखेर जागा सोडायची, तिने जागामालकांना तसा शब्द दिला होता.

अडचण काचेची होती. वाचनालयाला पूर्वीसारखीच लहरींची काच हवी होती, पाण्यावर उभ्या लाटा थिजल्यासारखी दिसणारी. ती बनवणारी भट्टी कधीच बंद पडली होती. आमच्या मागच्या खोलीत त्या काचेच्या चाळीस मोठ्या, अख्ख्या काचा उभ्या होत्या. जगात आणखी कुठे असल्या तर आम्हाला माहीत नव्हत्या. वाचनालयाची अट साधी होती. सगळ्या खिडक्यांना तीच काच लावा, नाहीतर एकही नको, आम्ही तयार खिडक्या घेतो.

मामांनी दोन दिवस आकडेमोड केली आणि पंचेचाळीस लागतील असं सांगितलं. मामांनी त्या दिवशी मला दोनदा पुसलं. एकदा पुसल्यावर मी स्वच्छच होते.

याच सुमारास गणिताच्या एक बाई कारखान्यात आल्या. त्या विद्यापीठात शिकवत. त्यांचं घर जुनं होतं, जिन्यातल्या खिडकीचं तावदान फुटलं होतं, आणि तिथेही हीच लहरींची काच होती. मामांनी माप लिहून घेतलं, चिठ्ठी खिळ्याला अडकवली आणि सांगितलं, की बाई, वाचनालयाचं काम झाल्यावर काही उरलं तरच. बाईंनी विचारलं की किती उरेल. मामा म्हणाले, उरायचं सोडा, पाच कमी पडतायत.

दुसरं कोणी असतं तर हळहळलं असतं आणि घरी गेलं असतं. बाईंनी तावदानांची यादी मागितली. पिंपात डोकावून बघितलं, बराच वेळ. मग ताईला म्हणाल्या की असे प्रश्न आम्ही वर्गात सोडवतो, मला आठ दिवस द्या. ताईला वाटलं, बुडत्याला काडीचा आधार तसं आहे हे, पण नाही कशाला म्हणा.

आठ दिवसांनी बाई कागदांची गुंडाळी घेऊन आल्या. प्रत्येक कागदावर एक अख्खी काच आणि तिच्यात कोणती तावदानं कशी बसतील त्याची आकृती. एका काचेतून पाच वेगवेगळ्या खिडक्यांची तावदानं निघत होती. लागणार होत्या फक्त सदतीस. ताईने तोंडावर हात ठेवला. मामांनी पहिला कागद हातात घेतला आणि ते खूप वेळ बघत राहिले. आकृतीत चार तावदानं एका लहान चौकोनाभोवती फिरकीसारखी रचली होती. मामांच्या कपाळावर आठी पडली. मी ती बघितली. पण ते बोलले नाहीत. ताईने सांगितलं होतं, कागदावर आहे तसंच करा, मामा.

त्यांनी मला काचेवर ठेवलं. पहिली रेघ मध्येच थांबवायची होती. मामांनी ती थांबवली आणि ठोका दिला. तडा रेघेच्या टोकाशी थांबला नाही. तो तसाच पुढे गेला, शेजारच्या तावदानातून वळला आणि कडेला बाहेर पडला. अख्ख्या काचेचे तीन निरुपयोगी तुकडे झाले.

आता एकोणचाळीस उरल्या.

बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "मामा, असं होणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. काच या कडेपासून त्या कडेपर्यंतच तुटते. मध्ये थांब म्हटलं तर ऐकत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

यात टोमणा नव्हता, मित्रांनो. मामांना खरंच वाटलं होतं की एवढी शिकलेली बाई, तिने काहीतरी बघूनच काढलं असेल, आपण कोण मध्ये बोलणार. आणि बाईंना वाटलं होतं की चौकोनात चौकोन बसवायचे, त्यात विचारायचं काय. दोघंही भली माणसं. दोघांनी मिळून एक अख्खी काच घालवली. मीही त्यात होतेच, सरळच्या सरळ.

ताई आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. बाई मात्र घरी गेल्या नाहीत. त्यांनी एक स्टूल ओढलं, मामांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "आता मी विचारते. सगळं सांगा."

ते चार दिवस मी विसरणार नाही. बाई दुपारी शिकवून येत आणि संध्याकाळी कारखाना बंद होईपर्यंत टेबलाशी बसत. मामा कापत, बोलत. बाई लिहीत. काचेची एक कड नेहमी खराब निघते, ती आधी छाटावी लागते. लहरी उभ्याच राहिल्या पाहिजेत, म्हणून तावदान आडवं करून बसवता येत नाही. बाईंच्या आकृत्यांत अर्धी तावदानं आडवी होती. प्रत्येक गोष्ट ऐकली की त्या "अरेच्चा" म्हणत आणि एक कागद फाडत. त्या मामांकडून हिरकणी धरायलाही शिकल्या. त्यांची पहिली रेघ इतकी वाकडी आली की मला माझीच लाज वाटली.

चौथ्या दिवशी त्यांनी नवा हिशेब मांडला. बेचाळीस. बाई म्हणाल्या की काचेचं ऐकलं तर एवढ्याच लागतात, याच्या खाली मला जाता येत नाही. हातात तर एकोणचाळीसच होत्या. मामांनी कागद उचलला. पुन्हा तीच आठी पडली. पण या वेळी त्यांनी मला खाली ठेवलं आणि आकृतीवर बोट टेकवलं. प्रत्येक दोन तावदानांच्या मध्ये बाईंनी एक नाही, दोन रेघा काढल्या होत्या, किंचित अंतर ठेवून. हे काय, असं त्यांनी विचारलं.

बाई म्हणाल्या की कापताना जाते ती जागा. त्यांचे वडील सुतार होते. करवतीच्या पात्याएवढं लाकूड दर वेळी वाया जातं, हे त्यांना लहानपणापासून पाठ होतं.

"बाई," मामा म्हणाले, "काच कापताना भुसा पडतो का?"

बाईंनी मामांकडे बघितलं. मग टेबलाकडे बघितलं. टेबलावर भुसा नव्हता. इतक्या वर्षांत कधी पडला नव्हता. रेघेच्या अलीकडे एक काच, पलीकडे दुसरी, मध्ये काही जात नाही. जिथे तीन तावदानं बरोब्बर एकाखाली एक बसायची, तिथे त्या जोडरेघांपायी बाईंनी दोनच बसवली होती. बाई कागद गोळा करून जवळजवळ पळतच गेल्या. छत्री विसरल्या.

दुसऱ्या दिवशी आकडा आला अडतीस.

आता फक्त मामांचा प्रश्न होता. नव्या आकृत्यांप्रमाणे कापायचं तर अप्पांचा नियम मोडावा लागत होता. पहिल्या खिडकीची तावदानं सात वेगवेगळ्या काचांतून निघणार होती. सगळी सरमिसळ. मामा सकाळी बराच वेळ मला हातात धरून उभे राहिले. ताई म्हणाली, "मामा, अप्पांनी नियम केला तो घोटाळा होऊ नये म्हणून. घोटाळा झाला नाही तर अप्पा कशाला रागावतील?" मामांनी मान हलवली आणि मेणाची पेन्सिल मागितली. प्रत्येक तावदानावर खिडकीचा आकडा लिहायचा, असं ठरलं.

कापायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मामा प्रत्येक रेघेआधी आकृती दोनदा तपासत, हे मीच बघितलंय. एकही काच फुटली नाही. वाचनालयात शेवटचं तावदान बसलं तेव्हा मागच्या खोलीत एक अख्खी काच उभी होती. ताई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि घळाघळा रडली. महिनाअखेर आली नि गेली, जागा आमच्याकडेच राहिली.

बाईंची चिठ्ठी अजून खिळ्यालाच होती. त्यांच्या खिडकीला पुठ्ठा लावलेला होता. ताई म्हणाली, ती उरलेली काच घ्या, तुमच्याच डोक्यामुळे उरलीय. बाईंनी ऐकलं नाही. त्या म्हणाल्या, उद्या वाचनालयाचं तावदान फुटलं तर काय कराल? माझं मी बघितलंय. उरलेल्या एकाही तुकड्यातून माझं माप निघत नाही. सगळे तपासलेत.

दोन दिवसांनी मामांनी मला कापडात गुंडाळलं, काखोटीला मारलं आणि बाईंचं घर गाठलं. बरोबर पिंपातून बाजूला काढलेले दोन तुकडे आणि एक बारीक लाकडी दांडी होती. त्यांनी माझ्यावर दहापासून मोजलं, चौकटीच्या मधोमध दांडी आडवी बसवली, आणि वर एक, खाली एक अशा दोन काचा लावल्या. लहरी वरून खाली बरोबर जुळल्या. जिन्यात उजेड आला.

बाई पायरीवर बसल्या होत्या. "एकच काच हवी, असं मीच धरून चालले होते," त्या म्हणाल्या. "मधे दांडी घालता येते, हे मला सुचलंच नाही."

मामांनी मला पुसलं. "तुम्ही विचारलंत कुठे?"

त्या दिवशी बाई जितक्या हसल्या तितकं मी त्यांना नंतर कधी हसताना ऐकलं नाही. आणि मी त्यांना पुष्कळ ऐकलंय, कारण त्या दर गुरुवारी येऊ लागल्या. आता चिठ्ठ्या तीन दिवस साठवतात, एकत्र मांडतात, मग कापतात. पिंप महिन्यातून एकदा भरतं. बाईंनी आमचा प्रश्न वर्गात नेला, आणि दर वर्षी त्यांची मुलंमुली टेबलाशी येऊन काच तुटताना बघतात, मगच आकृती काढतात. पुढे काम वाढलं, यंत्र आलं, मामा थकले आणि मी भिंतीवर गेले.

मित्रांनो, माझी मागणी मोठी नाही. लाकडी पट्टी भिंतीला टेकवून उभी ठेवू नका, ती हळूहळू वाकते आणि कोणाला कळतही नाही. खिळ्याला टांगा, अधूनमधून पुसा. आणि तुम्ही कितीही शिकलात तरी आकृती पुरी करण्याआधी पट्टी ज्याच्या हाताखाली आहे त्याला एकदा विचारा. त्याला माहीत असतं. तो फक्त वाट बघत असतो.