दोर कुठे बांधला

आमच्या ह्यांच्या बोटीचं इंजिन बंद पडलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. खडक हाकेच्या अंतरावर आणि वारा आम्हाला तिकडेच ढकलत होता. नांगर टाकला, पण तोही तळ धरेना. मी मदतीसाठी बंदरावर फोन लावला. लाँच पाठवतो म्हणाले. ती लाँच आमची सूनबाई चालवते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ह्यांनी तोंड फिरवलं.

दोन वर्षं हे तिच्याशी बोलत नव्हते. लग्नानंतर मुलानं दोन गल्ल्या सोडून वेगळं घर घेतलं, त्याचा ठपका तिच्यावर. वेगळं राहायचं खूळ मुलाचंच होतं. पण आपला तो बाब्या, लोकांचं ते कार्टं. ती घरी आली की हे पेपर उघडायचे आणि एकाच पानावर अर्धा तास काढायचे. निरोपाची ने-आण माझ्याकडे.

सूनबाई आली. लाँच आमच्या पुढ्यात उभी करून तिनं आधी बारीक दोरी फेकली, तिच्यामागून जाड दोर आला. मग मला फोन करून स्पीकर चालू ठेवायला सांगितलं. दोर बोटीच्या तोंडाशी, पाण्यालगत जी लोखंडी कडी आहे तिलाच बांधायचा. कठड्याला बांधला तर कठडा उखडतो आणि ताणलेला दोर चाबकासारखा मागे येतो. लाइफ जॅकेट घालून दोघांनी मागे बसायचं आणि सुकाणू तिच्या मागोमाग सरळ धरायचं.

त्या कडीपर्यंत पोचायला पालथं पडावं लागतं. हे सत्तरीचे, कंबर धरलेली. त्यात सुनेसमोर पालथं पडायचं? ह्यांनी गुपचूप कठड्याला गाठ मारली, तीही तिच्याकडे पाठ करून. तिला दिसली नाही, मला दिसली.

"बाबा, कडीला बांधलात?" तिनं विचारलं.

"हो म्हणून सांग तिला," हे मला म्हणाले.

"आई, तुम्ही नका सांगू. सुकाणू ज्यांच्या हातात, त्यांनीच सांगायचं. त्याशिवाय मी ओढत नाही."

यात सूड नव्हता; अनोळखी माणसालाही ती हेच विचारते. तिच्या आवाजात नुसती काळजी होती, त्यानं मला आणखीच वाईट वाटलं. ह्यांनी हात वर केला. तोंडानं सांगा, असं तिनं शांतपणे म्हटलं. खडकांवर फुटणारं पाणी आता ऐकू येत होतं.

मी सांगून टाकलं असतं. पण मग अपमानाचं खापर तिच्याच डोक्यावर फुटलं असतं. चाळीस वर्षं संसार केलाय मी ह्यांच्याशी, उगीच नाही. मी उठले आणि पुढे जाऊन दोराशेजारी, कठड्याला टेकून बसले.

"मागे ये," हे म्हणाले.

"का? नीट बांधलाय ना? मग मला इथे काय होतंय?"

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"थांब, सूनबाई," हे म्हणाले. "मी कठड्याला बांधलाय. कडीपर्यंत हात पोचत नाही माझा."

तिच्या जागी मी असते तर चार शब्द सुनावले असते. तिनं दोर सैल सोडला. आई पाय धरतील, तुम्ही पालथे व्हा, मी आहे इथे, एवढंच म्हणाली. ह्यांची ढेरी आडवी येत होती. मी दोन्ही पाय घट्ट धरून बसले. तिसऱ्या खेपेला गाठ बसली.

"बांधला. कडीलाच," हे थेट तिला म्हणाले.

आम्ही मागे जाऊन बसलो. दोर हळूहळू ताणला गेला आणि बोट चालत्या माणसाच्या वेगानं खडकांपासून दूर सरकू लागली. थोड्या वेळानं लाटा वाढल्या. आणखी सावकाश नेऊ का, असं तिनं विचारलं. मी तोंड उघडलं नाही.

"तू म्हणशील तसं," हे म्हणाले.

चाळीस वर्षांत हे वाक्य माझ्या वाट्याला एकदाही आलेलं नाही. मला सुनेचा हेवा वाटला आणि रडूही आलं.