चार बोटं कोरं कापड

अंगणात साप निघाला की गल्ली मामंजींना हाक मारायची. मामंजी जन्माचे शिंपी. त्यांचा नियम एकच: "सापाचं नाव घेऊ नका, अंगावर काय दिसतं ते सांगा. नावाने माणूस घाबरतो." बिनविषारी असला तर ते स्वतःच्या हाताने उचलून कुंपणापलीकडे सोडत, विषारी असला तर साप पकडणाऱ्याला बोलावत.

वर्षभरात सुनेच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली होती. मामंजी सुईत दोरा ओवताना घराकडे पाठ करून बसत, आणि बराच वेळ बसत. "मी देऊ का ओवून?" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "डोळे शाबूत आहेत माझे."

त्या सकाळी तिने रिकामी कुंडी सरकवली आणि झटकन मागे आली. खाली काळसर वेटोळं होतं, त्यावर पांढरे पट्टे.

"कवड्या!" पायरीवरूनच मामंजींनी निकाल दिला. "पालींच्या मागे आला असेल. बिनविषारी, गरीब जनावर." बाही सारून ते निघालेसुद्धा.

"अहो, नीट बघा तरी," सासूबाई म्हणाल्या.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"काल चहात मीठ घातलंत, तेव्हाही हेच म्हणालात!"

कुंपणाशी शेजारी हसले. त्यामुळे मामंजी आणखीच तोऱ्यात खाली वाकले. 'तुम्हाला दिसत नाही' असं सून म्हणाली असती, तर हट्टाने त्यांनी सापाला हात घातलाच असता.

"मामंजी," ती म्हणाली, "पट्टे मानेपासून नाहीत हो. डोक्यामागे चार बोटं कापड कोरंच सोडलंय."

हात थबकला.

"शेपटीकडे विटलेत का?"

"नाही. टोकापर्यंत ठसठशीत. बारीक, जोडीजोडीने."

"पाठीवरचे खवले?"

"मधली ओळ मोठ्या खवल्यांची."

मामंजींनी हात मागे घेतला. "मण्यार! सगळे मागे व्हा. फोन लावा त्याला." आवाज नेहमीसारखा खणखणीत होता. पायरीवर बसताना मात्र त्यांनी सुनेचा हात घट्ट धरला आणि साप पकडणारा येऊन मण्यार घेऊन जाईपर्यंत सोडला नाही.

दुपारी शिलाई यंत्राचा आवाज थांबला.

"पोरी," मामंजींनी सुई पुढे केली, "एवढी ओवून दे. आणि गल्लीत बोलू नकोस."

"सापाचं?"

"सुईचं गं!"

तिने ओवून दिली. मग ते जेवायला उठल्यावर निरनिराळ्या रंगांचे दोरे ओवून आणखी सहा सुया त्यांच्या सुयांच्या उशीत खोचून ठेवल्या.