झाकलेली वाटी

"पातेली कुणी घासली होती?" तपासणीच्या बाईंनी विचारलं आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"मी. नऊ वर्षं मीच घासते या शाळेची भांडी. तोंड बघून घ्या त्यांत!" मी फणकारले.

तीन दिवसांपूर्वी दुपारी, ऊन नुसतं मी म्हणत होतं, तेव्हा लापशी खाऊन एकोणीस पोरं ओकली. तिघं अजून दवाखान्यात आहेत. रोजच्या जेवणातली एक वाटी झाकून फ्रिजमध्ये ठेवायची, असा नियम. त्या दिवशीची वाटी बाईंनी तपासायला नेली होती. आज निकाल आला, वाटीत दोष नाही. मग राहिली भांडी, म्हणजे मी. काम तर जाणारच, वर 'हिनंच पोरांना विष घातलं' हे जन्मभर ऐकायचं.

आमची स्वयंपाकीण मावशी एरवी चुलीशीही भांडेल, पण आज तिच्या तोंडाला कुलूप. दारात तिचा दीर दुधाचा कॅन घेऊन उभा. शाळेला दूध त्याचंच, आणि दोघांचं घर एकच.

"मावशी, अगं बोल की!" मी म्हटलं.

"लिहिते मग, दोष भांड्यांचा," म्हणत बाईंनी पेन उघडलं.

"थांबा." मावशीचा आवाज चिरकला. "वाटी मी दूध घालायच्या आधीच काढते. दुधाची वाटी फ्रिजमध्ये वास मारते, म्हणून. लापशी उतरवली की वरून कच्चंच दूध ओतते."

"म्हणजे दूध तपासलंच गेलं नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही. आणि आमच्या गायीची कास आठवडाभर सुजलीय. मला ठाऊक होतं."

"वहिनी!" दीर ओरडला. "घरातलं चव्हाट्यावर मांडता? खायचं काय मग?"

"तिघं पोरं सलाइनवर आहेत, भावोजी."

तिनं स्वतःच कॅनचं झाकण काढलं. बाईंनी बाटली भरली, सील केली आणि शाळेचं दूध बंद म्हणून लिहिलं.

"आता घरात पाऊल टाकू नका," दीर दात खाऊन म्हणाला.

"टाकणार! गायीची कास कोण शेकणार, तुम्ही?"

तीन दिवस गप्प बसली म्हणून मला तिचा भयंकर राग आला होता. तरी संध्याकाळी गरम पाण्याची बादली घेऊन तिच्या गोठ्यात मीच गेले.