हात न लावता

श्रीविद्याने एंटर दाबलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“झालं?” गुंडोने विचारलं.

“सुरू झालं, अण्णा.”

काचेपलीकडच्या हॉलमध्ये पडदे ओढलेले होते. आयुधपूजा आटोपून सगळे दुपारीच घरी गेले होते. प्रत्येक स्क्रीनच्या कडेला कुंकू होतं, प्रत्येक डब्यावर शेवंतीचं फूल. मल्लेश्वरममधल्या या रक्ततपासणी प्रयोगशाळेचे एकशे साठ संगणक वर्षातून याच एका दुपारी एकदम मोकळे सापडत.

“पूजा झालेल्या यंत्राला आज शिवायचं नसतं,” गुंडो म्हणाला. “निपाणीला आमचे वडील पान्यालासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत.”

“मी कुठं हात लावलाय?”

“मग हे काय?” त्याने तिच्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

“याची पूजा उद्या.”

तो हसला, पण उभाच राहिला.

बावीस वर्षं हे काम त्याचं होतं. रिपोर्टचा नवा प्रोग्राम आला, की तो टेबलाटेबलाशी जाऊन बसायचा. जुना काढायचा, नवा घालायचा, प्रिंटर जोडायचा, एक रिपोर्ट छापून बघायचा. एका संगणकाला दीड तास, सगळे व्हायला सहा आठवडे. श्रीविद्याने तीन महिने खपून या पायऱ्या एका फाइलमध्ये उतरवल्या होत्या. ती फाइल आज सगळे संगणक एकदम वाचणार होते. जमलं, तर गुंडोची बदली तुमकूरच्या गोदामात होणार होती. पत्र तयार होतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. त्याची बायको वसुमती इथंच, चामराजपेटच्या शाळेत शिकवत होती. तिच्या नोकरीची अजून चार वर्षं उरली होती.

श्रीविद्याच्या स्क्रीनवर प्रत्येक संगणकाची एक ओळ होती. करड्या ओळी एकेक करून पिवळ्या होऊ लागल्या. एक लाल झाली.

“तीनशे बारा उठत नाही. कुणीतरी प्लग काढलाय वाटतं.”

“हयवदन डॉक्टर. दरवर्षी काढतात. विश्रांती म्हणजे पुरती विश्रांती, म्हणतात.”

“स्वल्प बघून येता, अण्णा? वीज मिळाली की पुढचं आपोआप होईल.”

तीनशे बारा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा बारावा, गाठींचे तुकडे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाला जोडलेला. गुंडोने खाली वाकून टेबलामागचा प्लग शोधला.

सूक्ष्मदर्शकावरचा कॅमेरा अकरा वर्षांचा होता आणि नवा प्रोग्राम त्याला ओळखत नव्हता. गुंडोने ऑगस्टमध्येच एकट्याने तो तिथं घालून पाहिला होता. नंतर मीटिंगमध्ये श्रीविद्याने सगळ्यांना विचारलं होतं, कुठं काही वेगळं आहे का? तेव्हा तो चहाच्या कपात बघत राहिला होता. आता फक्त हा प्लग लावायचा होता. उद्या सकाळी गाठींचे रिपोर्ट अडले असते, दोन दिवस आरडाओरडा झाला असता, आणि कुणीतरी म्हणालं असतं, जुनीच पद्धत बरी होती. तसाही तो रिपोर्ट यायला चार दिवस लागतात, पाच लागतील, असं त्याने स्वतःला बरेचदा सांगितलं होतं.

प्लग हातात धरून तो सरळ झाला, आणि त्याच वेळी तो मजला जागा झाला.

आधी पंख्यांचा आवाज आला, बारीक, सगळीकडून. मग काचेपलीकडे चाळीस स्क्रीन एकामागोमाग उजळल्या, कुंकवासकट. खुर्च्या रिकाम्या होत्या. प्रत्येक स्क्रीनवर तीच खिडकी उघडली, जी त्याने हजारो वेळा उघडली होती. जुना प्रोग्राम निघाला. नव्याची पट्टी भरू लागली. कुठं घाई नव्हती, कुठं चूक नव्हती. फुलं आपापल्या जागी थरथरत होती.

कोपऱ्यातला संगणक मागे पडला. तो नेहमीच सातव्या पायरीवर अडायचा. तिथं थोडं थांबून तेच बटण पुन्हा दाबावं लागे. गुंडोचं बोट नकळत हललं. संगणक अडला. थांबला. मग त्याने तीच पायरी पुन्हा घेतली आणि पुढे गेला.

हे त्याने श्रीविद्याला कधीतरी चहा पिताना सांगितलं होतं. तिने लिहून ठेवलं होतं.

तो बराच वेळ बघत राहिला. शेवटी त्याने प्लग टेबलावर ठेवला, हळूच, आवाज न करता, आणि जिना उतरला.

“तीनशे बारा वगळा,” तो दारातूनच म्हणाला.

“का?”

“कॅमेरा जुना आहे. नवा प्रोग्राम त्याला ओळखत नाही. मी ऑगस्टमध्ये बघितलंय.”

श्रीविद्याने खुर्ची वळवली.

“ऑगस्टमध्ये,” ती म्हणाली.

“होय.”

तिच्यामागे स्क्रीनवर जवळजवळ सगळ्या ओळी हिरव्या झाल्या होत्या.

“अण्णा, हे सगळं नीट पार पडलं, तर तुमचं ते पत्र…”

“माहीत आहे की. लिहा.”

तिने फाइलमध्ये लिहिलं. तीनशे बारा, जुनाच प्रोग्राम ठेवणे, कारण कॅमेरा. गुंडोने चष्मा वर सरकवून ओळ दोनदा वाचली.

“हे आता यात राहणार?”

“राहणार. मी गेले, तुम्ही गेलात, तरी पुढच्या वेळी या फाइलला ठाऊक असेल.”

काचेपलीकडे हॉलमधला शेवटचा संगणक पहिला रिपोर्ट छापत होता. कागद बाहेर आला आणि कुणी न उचलता तसाच राहिला. गुंडोने तो तिथूनच न्याहाळला. मग शेजारची खुर्ची ओढली आणि बसला.

“चौथ्या मजल्यावरचा स्टिकरचा प्रिंटर,” तो म्हणाला, “त्याला तापायला दोन मिनिटं द्यावी लागतात. आणि रिसेप्शनवरच्या धनलक्ष्मीला अक्षरं मोठी लागतात. ती कुणाला सांगत नाही, मीच गुपचूप करून देतो.”

“सावकाश, अण्णा. अजून आहेत का?”

“आहेत तर.”

श्रीविद्याने नवी ओळ घेतली. गुंडोने डोळे मिटले आणि तळमजल्याच्या दारापासून सुरुवात केली.