बाळसं

"दाबा," म्हणत हेमांगीनं गजराबाईचा अंगठा धरून नातवाच्या पावलावर टेकवला.

हेमांगी म्हसावदच्या अंगणवाडीतली ताई. गजराबाईनं अंगठा उचलला, पण पावलावरचा खड्डा तसाच राहिला.

"काकू, हाई बाळसं नै. सूज शे. दवाखानामा भरती करनं पडी."

"आमना घर म्हशी शेतस," गजराबाई म्हणाली. "कुपोसन ते डोंगरम्हानलं दुखनं."

म्हशींचं दूध पोटात गेलं तर ना! दोन वर्षांचा योगेंद्र गोवर निघाल्यापासून चहात बुडवलेल्या बिस्किटाशिवाय कशाला तोंड लावत नव्हता. त्याची आई दीपमाला हेच सांगून थकली होती. पण गाल फुगले तशी गजराबाई खुशीत आली. पोर भरलं म्हणून गल्लीभर सांगत सुटली, रोज मीठमिरच्या ओवाळू लागली. दंडांच्या काड्या झाल्या होत्या, पण सदऱ्याच्या बाहीत डोकावतो कोण?

"खेळस का तो?" हेमांगीनं विचारलं.

"नै, नुसता पडेल ऱ्हास," दीपमाला म्हणाली. सासूसमोर ती सहसा बोलत नसे. "मी त्याले दवाखानामा लई जास."

"लोके म्हनतीन, गजराबाईना घर खावाले नै," सासू म्हणाली.

"म्हनू द्या, आत्या."

गजराबाईनं पुन्हा एकदा पाऊल दाबून पाहिलं. मग पिशवीत कपडे भरू लागली.

दवाखान्यात अशा पोरांची खोली वेगळी होती. शेजारच्या खाटेवर अक्कलकुव्याकडच्या डोंगरातली कालीबाई लेकीला घेऊन बसलेली. गजराबाई तिच्याकडे पाठ करून बसली. सिस्टर ठरल्या वेळी मोजून दूध देई, दीपमाला चमच्याचमच्यानं पाजी, आणि ते योगेंद्रच्या ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर येई.

काही दिवसांनी सूज उतरली. गाल गेले. मागे राहिली हाडं आणि डोळे. एवढे दिवस आपण कशाची दृष्ट काढत होतो ते गजराबाईला दिसलं आणि ती तोंडाला पदर लावून रडली. कालीबाईनं तिला सरकून जागा दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी योगेंद्रनं वाटी संपवली आणि रिकाम्या वाटीकडे हात करून भोकाड पसरलं.

"एकदम जास्त द्यायचं नाही, आजी," सिस्टर म्हणाली. "आता पुढच्या वेळेला."

तो आणखी मागत रडत राहिला. भुकेलं पोर गजराबाईनं आपल्या घरात कधी रडू दिलं नव्हतं. आज मात्र ती हसत कालीबाईकडे वळली.

"खावाले मांगी ऱ्हायना, बाई," ती म्हणाली. "मांगी ऱ्हायना."