तुळशीवरचं पिवळं हेल्मेट

मित्रांनो, मी एक जुनं, चिरलेलं, पिवळं हेल्मेट आहे. जन्म नागोयाजवळच्या कारखान्यात झाला, पण आयुष्य गेलं साकुराजिमा या धुमसत्या ज्वालामुखी डोंगराच्या पायथ्याशी. इथली मुलं एक वेळ दप्तर विसरतील, हेल्मेट विसरणार नाहीत. डोंगर कधी खाकरेल आणि दगड थुंकेल, याचा नेम नसतो.

माझा पहिला मालक मोठा होऊन शहरात गेला. मग मी त्याच्या आजीच्या, म्हणजे मोरिता आजींच्या, खुंटीवर पाच वर्षं लटकलो. इतर वस्तू धूळ खातात, मी राख खाल्ली. २००९ साली शेजारी माधव राहायला आला. डोंगराच्या पोटातली गुरगुर ऐकणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर सांभाळायला त्याला कंपनीने तोयोसुच्या मुख्य ऑफिसातून पाठवलं होतं. सोबत बायको निशिगंधा आणि आठ वर्षांची अनया. आजींनी मला अनयाच्या डोक्यावर ठेवलं आणि मी पुन्हा कामाला लागलो.

निशिगंधा राखेने मेटाकुटीला आली होती. खिडक्या बंद, कपडे घरात, तरी वरणभात खाताना दाताखाली कचकच. तिचा जीव बाल्कनीतल्या तुळशीत होता. सासूबाईंनी दिलेल्या बियांतून एकच रोप तगलं होतं. एका शनिवारी राख पडू लागली, तेव्हा तिने मला तुळशीवर पालथं घातलं. खरं सांगतो, मी जरा फुशारलोच. तेवढ्यात दूध संपल्याचं तिच्या लक्षात आलं. अनयाने हेल्मेट कुठे आहे, असं जपानीत विचारलं. कोपऱ्यावर तर जायचंय, छत्री घे, असं म्हणून आईने तिला पिटाळलं. मला ओरडता येत नव्हतं.

मग माधवचा ऑफिसातून फोन आला. यंत्रांवरच्या रेषा वेड्यावाकड्या नाचत होत्या.

"अनया घरातच आहे ना?"

निशिगंधाने तुळशीकडे पाहिलं. मला उचलून ती अनवाणीच धावत सुटली. मागे खिडक्या थरथरल्या आणि भरदिवसा अंधारून आलं. अनया छत्रीखाली दुधाचा खोका कवटाळून रस्त्यातच थिजली होती. आईने मला तिच्या डोक्यावर दाबलं. पट्टा लागतो न लागतो, तोच छत्री फाडून एक दगड माझ्यावर आदळला. ही चीर त्याचीच.

"आई, तुळस?" अनयाने विचारलं.

"तुळस पुन्हा लावता येते गं," आई म्हणाली आणि तिथेच रडू लागली.

आता अनयाकडे नवं हेल्मेट आहे. चिरलेलं पुन्हा डोक्यावर घालत नाहीत. मी दाराशी टांगलेला असतो. डोंगर गुरगुरला की अजूनही माझा थरकाप उडतो. बाहेर पडताना निशिगंधा देवाला हात जोडते, माझ्या चिरेवरून बोट फिरवते आणि मगच लेकीचा पट्टा ओढून बघते.

मित्रांनो, माझी विनवणी एवढीच. राखणीसाठी ठेवलेल्या वस्तूला पाच मिनिटांसाठीसुद्धा दुसऱ्या कामाला जुंपू नका. आम्हाला ओरडता येत नाही.